चिखलाची बॅटरी किट : चाळीस दिवस वापरून झाल्यावर लिहितेय

आधीच सांगते, जाहिरातीत ती मुलगी बरणीतल्या मातीला वायर लावून मोबाईल चार्ज करताना दाखवलीये ना, ते विसरा. तसलं काही होत नाही. मी हिशेब केलाय, पुढे देते, वाचून हसाल. तरीपण मी हे किट परत केलं नाही, उलट घरात आता तीन बरण्या झाल्यात आणि आई (सासूबाई) मला "चिखलवाली" म्हणायला लागल्यात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

झालं असं की भाचा आठवीत आहे, शाळेत विज्ञान प्रदर्शन, आणि दरवर्षी तोच खायचा सोडा आणि व्हिनेगरचा ज्वालामुखी. यावेळी म्हणाला मावशी मातीतून वीज निघते म्हणे, किट मिळतं. म्हटलं बघू. २३४९ रुपये होते, कुपन लावून २१९९ ला पडलं. दहाव्या दिवशी आलं, खोका एका कोपऱ्यात चेपलेला पण आतलं सामान शाबूत.

आत काय आहे, तर एक पारदर्शक प्लास्टिकची बरणी (साधारण अर्ध्या किलोच्या लोणच्याची असते तेवढी), काळ्या फेल्टच्या (धागे दाबून केलेलं जाड कापड असतं तसं) दोन गोल चकत्या, प्रत्येकीला एक वायर, अंगठ्याएवढा सर्किटचा बोर्ड, त्यावर छोटासा लाल एलईडी, हातमोजे, आणि एक पत्रक ज्याच्याबद्दल मी नंतर बोलणार आहे. माती नाही. माती आपली आपण आणायची. एकाने "बॉक्समध्ये माती नव्हती" म्हणून वन स्टार दिलाय, त्या माणसाला माझा साष्टांग नमस्कार.

आता मुख्य मुद्दा, कारण मी घेताना हाच घोळ घातला असता. ऑनलाईन "मातीची बॅटरी" म्हणून दोन प्रकार मिळतात. एक तीनचारशे रुपयांचा, ज्यात एक तांब्याची पट्टी आणि एक राखाडी जस्ताची पट्टी असते, मातीत खुपसली की लगेच घड्याळ चालू. ती माती नाही चालवत बरं का, ते जस्त झिजतं त्याची वीज आहे, लिंबात किंवा बटाट्यात खिळा खुपसतात तोच प्रकार, मातीऐवजी ओला स्पंज ठेवलात तरी चालेल. दुसरा प्रकार हा, ज्यात दोन्ही चकत्या एकाच कार्बनच्या. एकाच पदार्थाचे दोन तुकडे असले की त्यांच्यात आपापला व्होल्टेज येणार कुठून, म्हणजे फरक पडला तर तो वर काय आहे आणि खाली काय आहे यानेच पडणार. खाली चिखलात हवा नाही, वर हवा आहे, आणि मधे जंतू. तर घेताना फोटो झूम करून बघा, चंदेरी आणि तांबूस पट्ट्या दिसल्या तर ते जीवशास्त्र नाही, लिंबूसरबत आहे.

जंतू नेमकं करतात काय ते मला भाच्याच्या विज्ञानाच्या सरांनी फोनवर समजावलं आणि खरंच छान समजावलं. आपण जेवतो, अन्नातून इलेक्ट्रॉन निघतात, ते शेवटी कुणाच्या तरी हवाली करावे लागतात, आपण ते श्वासातल्या ऑक्सिजनला देतो. चिखलाखाली ऑक्सिजनच नाही. मग तिथले काही जंतू ते इलेक्ट्रॉन गंजलेल्या लोखंडाला देतात, म्हणजे शब्दशः लोखंडावर श्वास घेतात. जिओबॅक्टर नाव त्यांचं, डेरेक लव्हली नावाच्या शास्त्रज्ञांना १९८७ मध्ये अमेरिकेत वॉशिंग्टनजवळच्या पोटोमॅक नदीच्या गाळात पहिला सापडला. आपण काय करतो, गंजाच्या जागी ही कार्बनची चकती पुरतो. जंतूला काय, घेणारा मिळाल्याशी मतलब. तो चकतीला इलेक्ट्रॉन देतो, ते वायरने वरच्या चकतीकडे जातात, तिथे हवेतला ऑक्सिजन भेटतो आणि पाणी होतं. वाटेत आपण एलईडी बसवून टोलनाका लावलाय, एवढंच.

पहिला प्रयत्न पूर्ण फसला आणि त्यात चूक माझीच. गॅलरीतल्या कुंडीची माती घेतली, त्यात निम्मं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. ते भुसभुशीत, सगळीकडे हवा खेळती, झाडाला उत्तम पण इथे नेमकं उलट हवं. सहा दिवस मल्टीमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र) लावून बसले, ०.०४ व्होल्ट, ०.०५, परत ०.०४. भाचा रडवेला. पत्रकात फक्त "कोणतीही माती वापरा" एवढंच. अरे कोणतीही कशी? दाबून बसणारी, चिखल होणारी, सडकी माती हवी असं एक वाक्य लिहायला काय जात होतं.

मग रविवारी सकाळी डोंबिवली पश्चिमेला मोठागावच्या रेतीबंदरावर गेलो. ओहोटी होती. वरचा मऊ तपकिरी थर बाजूला केला की खाली काळाकुट्ट चिखल, सडक्या अंड्याचा वास, तोच हवा. (हातमोजे घालाच, आपल्या खाडीत काय काय येतं ते वेगळं सांगायला नको.) डबा भरून आणला, लिफ्टमध्ये शेजारच्या काकू होत्या, त्यांनी काही विचारलं नाही पण दुसऱ्या मजल्यालाच उतरल्या, राहतात पाचव्यावर.

बरणीत तळाला दोन बोटं चिखल, त्यावर पहिली चकती दाबून, बुडबुडे राहू न देता, वर परत चार बोटं चिखल, वर दुसरी चकती नुसती ठेवायची, ती पुरायची नाही, तिला हवा लागते. आणि गंमत म्हणजे दोन तासातच ०.३ व्होल्ट! आम्ही नाचलो. सरांनी लगेच हवा काढली. म्हणाले हे जंतूंचं काम नाही अजून, खाडीच्या चिखलात सल्फाइड असतं, त्या वासाचं कारण तेच, ते स्वतःच चकतीवर इलेक्ट्रॉन सोडतं, नुसती केमिस्ट्री. जंतूंना चकतीवर वस्ती करायला दिवस लागतात, थांबा. खरंच तसं झालं. तीन दिवस तिथेच घुटमळलं, पाचव्या दिवसापासून चढायला लागलं आणि अकराव्या दिवशी ०.६२. त्या दिवशी बोर्ड लावला आणि संध्याकाळी सातच्या सुमारास एलईडी टुककन एकदा लुकलुकला. मग अर्ध्या मिनिटाने परत. खोटं कशाला सांगू, अंगावर काटा आला. दिवाळीत एवढं लायटिंग करतो तेव्हा नाही आला.

लुकलुकतोच का, सलग का नाही, हेही पत्रकात नाहीये. लाल एलईडीला पावणेदोन-दोन व्होल्ट तरी लागतात, बरणी देते अर्धा-पाऊण. बोर्ड काय करतो, थोडी थोडी वीज कपॅसिटरमध्ये साठवतो, व्होल्टेज चढवतो आणि साठलं की एकदम सोडतो. गळक्या नळाखाली तांब्या ठेवायचा आणि भरला की ओतायचा. म्हणून लुकलुक जितकी लवकर तितकी बरणी तगडी, तेच तुमचं मीटर.

आता तो हिशेब. एक किलोओहमचा रेझिस्टर (वीज अडवणारा छोटा पार्ट) लावला तेव्हा ०.२५ व्होल्ट टिकला, म्हणजे साधारण ६२ मायक्रोवॅट. माझ्या फोनची बॅटरी ५००० एमएएच, म्हणजे साडेअठरा वॅट-अवर. भागाकार करा. जवळजवळ ३४ वर्षं. एकदा चार्ज व्हायला. आणि तेही मधे वीज जराही वाया गेली नाही असं धरून. भाचा तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचा असेल आणि फोनचं चार्जिंगचं भोक तीनदा बदललेलं असेल.

तरी माझ्या डोक्यात किडा होताच की हे खरंच जंतूच करतायत कशावरून. मी अकाउंट्सवाली, व्हाउचर बघितल्याशिवाय पेमेंट नाही. मग एक उद्योग केला जो या किटबरोबर द्यायलाच हवा होता. टॉर्चचे चार मोठे जुने सेल फोडून त्यातल्या कार्बनच्या कांड्या काढल्या. लहानपणी आम्ही त्या कांड्यांनी फरशीवर गाडीचे रूळ काढायचो, तुम्हीपण केलं असेल. एक गोष्ट ध्यानात ठेवा, कांडीला चिकटलेली काळी पूड पूर्ण गेली पाहिजे, ती मॅंगनीजची असते आणि तिच्यामुळेच खोटा व्होल्टेज दिसतो. पॉलिश पेपरने घासा, दोनदा उकळा, आणि हे सगळं हातमोजे घालून. मग मुरबाडहून आत्याच्या भातखाचरातला चिखल मागवला, त्याचे दोन भाग केले. एक भाग तसाच. दुसरा स्टीलच्या डब्यात घालून कुकरला लावला.

हो, कुकरला. भंगारात द्यायला काढलेला जुना तीन लिटरचा होता, त्यात. सहा शिट्ट्या आणि मग वीस मिनिटं मंद गॅस. आई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "आज चिखलाचा भात का गं?" (खाडीचा चिखल मात्र कुकरला लावू नका, तो वास पोटात घ्यायचा नसतो.)

दोन सारख्या बरण्या, सारख्या कांड्या. आठव्या दिवशी कच्च्या चिखलाची ०.४४ आणि शिजवलेल्याची ०.०७. बास. माझं व्हाउचर मिळालं. बाराव्या दिवसापासून शिजवलेलीही हळूहळू चढायला लागली, कारण मातीतले काही जंतू टणक कवच करून बसतात ते कुकरलाही पुरतात आणि पाणी घालताना हवेतून नवीन येतात ते वेगळेच. भाच्याने प्रदर्शनात हेच दोन आलेख लावले आणि परीक्षकांनी किटपेक्षा कुकरबद्दलच जास्त विचारलं. दुसरा नंबर आला. पहिला ज्वालामुखीला. असो.

आता पत्रक. त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलंय "जगातील पहिले नॅनोवायर तंत्रज्ञान". एक तर जगातलं पहिलं वगैरे काही नाही, इंग्लंडमध्ये डरहॅम विद्यापीठाच्या मायकेल पॉटर नावाच्या वनस्पतीशास्त्राच्या प्राध्यापकाने १९११ मध्येच जंतूंपासून वीज दाखवली होती. पण नॅनोवायर हा शब्द थाप नाही आणि तो उगाच बोल्ड करून सोडून दिलाय याचा मला राग आहे, कारण सगळ्या भानगडीतली सगळ्यात भारी गोष्ट तीच आहे. जिओबॅक्टर चकतीला चिकटलेला नसला तरी इलेक्ट्रॉन पोचवतो, कारण तो स्वतःच्या अंगातून केसासारखी बारीक तार काढतो, प्रोटीनची, वीज वाहून नेणारी. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठात निखिल मालवणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, व्हर्जिनिया विद्यापीठाच्या लोकांबरोबर, अशा तारेचा आतली रचना जवळजवळ अणूंपर्यंत कळेल इतका बारीक फोटो काढला (आडनाव वाचून मी उगाचच शेजारच्या गल्लीतलं कुणीतरी असल्यासारखी खूश झाले), आणि दिसलं काय तर आत हीमची माळ आहे. हीम म्हणजे आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये लोखंड धरून ठेवणारं जे कडं असतं तेच. एकाला एक लागून रांगेत बसवलेली कडी, आणि इलेक्ट्रॉन या कड्यावरून त्या कड्यावर. चिखलातला जंतू आणि आपलं रक्त एकाच कारखान्याचा माल वापरतात हे वाचल्यावर मी त्या बरणीकडे जरा आदराने बघायला लागले.

आणि पुढची मजा अशी की या तारा नुसत्या काढून घेऊन लोक वस्तू बनवतायत. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात जुन याओ आणि (जिओबॅक्टर शोधणारे तेच) लव्हली यांच्या गटाने २०२० मध्ये जिओबॅक्टरच्या प्रोटीनच्या तारांचा सात मायक्रोमीटर जाडीचा थर बनवला, म्हणजे आपल्या केसापेक्षा कितीतरी पातळ, आणि तो नुसता हवेत ठेवला तर हवेतल्या दमटपणातून अर्धा व्होल्ट देतो. ऊन नको, वारा नको, दमटपणा पाहिजे. हे वाचल्यावर मला वाटलं संशोधनासाठी जुलैत डोंबिवलीला यायला हवं होतं, आमचा पापडाचा डबा उघडा राहिला तर एवढा दमटपणा मिळेल की लोकल चालेल. त्याच वर्षी त्याच लोकांनी या तारा वापरून मेमरीसारखा एक पार्ट केला जो आपल्या मेंदूतल्या पेशी वापरतात तेवढ्या, म्हणजे एका व्होल्टच्या दहाव्या हिश्श्याहून कमी व्होल्टेजवर चालतो. सिलिकॉनच्या चिपला एवढ्यात जागही येत नाही.

भाच्याने विचारलं मग व्हायरसपासून पण होते का बॅटरी. मी म्हणणार होते गप रे, पण शोधलं तर होते! अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात अँजेला बेल्चर नावाच्या बाई आहेत, त्यांनी समुद्रातल्या शिंपल्यावरून कल्पना घेतली, की शिंपल्यातला जीव नुसत्या प्रोटीनच्या जोरावर समुद्राच्या पाण्यातून इतकं टणक कवच रचतो तर आपल्याला हवा तो पदार्थ कुणा जिवाकडून का रचून घेऊ नये. एम१३ नावाचा लांबट काडीसारखा व्हायरस घेतला, जो फक्त जंतूंना लागतो, माणसाला काही करत नाही. त्याचे जीन असे बदलले की त्याच्या अंगावर धातूचे कण चिकटून बसतात, आणि मग ती काडीच बॅटरीच्या इलेक्ट्रोडची तार झाली. २००६ मध्ये एक बाजू जमवली, २००९ मध्ये दुसरी, आणि तो घड्याळाच्या बटणासारखा सेल व्हाइट हाउसपर्यंत दाखवायला गेला. यात भट्टी नाही, भयंकर तापमान नाही, साध्या खोलीतल्या तापमानाला पाण्यात होतं. म्हणजे माझ्या बरणीतले जंतू वीज देतात ती चिल्लर आहे, खरा माल त्यांची माल बनवायची कला आहे. हे पत्रकात चार ओळीत लिहिलं असतं तर २१९९ रुपये मला जड गेले नसते.

आता तक्रार. वरच्या चकतीची वायर सोळाव्या दिवशी जोडावर तुटली. जोड नुसता पीळ देऊन केलेला, त्यावर गोंद. खारा चिखल, ओलावा, गंजणारच. कस्टमर केअरला फोन केला तर ती मुलगी म्हणाली, "मॅडम, माती बदलून बघा." म्हटलं अगं वायर तुटलीये. "हो मॅडम, माती बदलून बघा." फोटो पाठवले, दोन मेल केले, शेवटी तिकीट "समाधानपूर्वक बंद" झालं, कुणाचं समाधान झालं देव जाणे. स्टेशनजवळ रेडिओ दुरुस्त करणारे एक काका बसतात, त्यांना दाखवली. कार्बनच्या फेल्टला सोल्डर धरत नाही म्हणाले, मग वायरचं टोक उघडं करून फेल्टमध्ये टाक्यासारखं चार वेळा ओवून दिलं आणि चिखलापासून लांब राहील असं वर वळवलं. वीस रुपये. कंपनीच्या जोडापेक्षा भक्कम आहे, अजून चालतंय. खालच्या चकतीला मात्र असं करू नका, तिथे उघडं तांबं चिखलात गेलं की ते स्वतःच गंजतं आणि मग तुम्ही परत लिंबूसरबतावर.

कुणी घ्यावं? घरात सहावी ते दहावीतलं पोर असेल आणि तुमच्याकडे दोन आठवडे धीर असेल तर घ्या. प्रदर्शन परवावर आलंय म्हणून घेत असाल तर नका घेऊ, जंतूंना तुमच्या शाळेचं वेळापत्रक कळत नाही. मल्टीमीटर वेगळा घ्यावा लागेल, तीनशेच्या आसपास मिळतो, त्याच्याशिवाय पहिले दहा दिवस तुम्ही नुसत्या चिखलाकडे बघत बसाल. हाताला खाज येते ती चिखलाने नाही, कार्बन फेल्टच्या बारीक धाग्यांनी, हातमोजे त्यासाठीच आहेत. आणि वरचा थर कधीच सुकू देऊ नका, दोन दिवसांनी थोडं पाणी, नळाचं चालतं.

पाचपैकी साडेतीन. अर्धा वायरचा कापला, एक पत्रकाचा. जाहिरातीतल्या मोबाईलबद्दल कापायला पाहिजे होतं पण एलईडी पहिल्यांदा लुकलुकला तेव्हाचं तोंड आठवलं भाच्याचं.

अपडेट, दिवस चाळीस : गेल्या आठवड्यात लुकलुक मंदावली होती, एका मिनिटाला एक. चिखलातलं खायचं संपत आलं असणार. आईंनीच सुचवलं, "उपाशी असतील गं, काहीतरी घाल." तांदूळ धुतलेलं पाणी चार चमचे वरून हळूच सोडलं. तिसऱ्या दिवसापासून दर नऊ सेकंदाला एक. आता रोज सकाळी कुकर लावायच्या आधी आई ते पाणी वाटीत बाजूला काढून ठेवतात आणि मला विचारतात, "आज किती सेकंद?"